मुरघासाचा दुसरा खड्डा

बोरी अरब,
३ मे २००८

प्रिय पोरी निकिता,

शाळेतली शुद्ध भाषा लिहायले बसलो अन् दोन ओळींतच घामाघूम झालो, म्हणून बोलतो तसंच लिहून राह्यलो. हसू नको. तुझं पत्र मिळालं. लोहारा गावातली नोकरी सोडून एक जूनपासून नाशिकच्या कंपनीत कॉम्प्युटरवर बसणार, हे समजलं. त्याचं काही नाही, पण पुढं तू लिहिलं की गाईम्हशीच्या कामातलं आपल्याले काही येत नाही हे एकदा गावासमोर सिद्ध झालं, आता त्या वाटेनं पुन्हा जाणे नाही. ते वाचून तुझी माय जेवली नाही. मी जेवलो, पण अर्धी भाकर ताटातच राह्यली.

आठवते मले सारं. गेल्या साली कापसावर लाल्या आला, पानं भाजल्यावानी झाली, अन् तू म्हणली की बाबा, एका कापसाच्या भरवशावर भागत नाही, दुधाकडं वळू. मी म्हणलो, उन्हाळ्यात म्हशी काय तुझ्या वह्या खातील? तर तू थेट मुरघासाचा खड्डाच खणला, हिरवा चारा मुरवून उन्हाळ्यापुरता ठेवायले. दहा फूट लांब, पाच फूट खोल. बचतगटाच्या बायाईले घेऊन हिरवा मका कुट्टीच्या यंत्रातून बारीक कापून काढला, प्लास्टिक अंथरून थर लावले, वर ताडपत्री, वर माती. दिवाळीनंतर उघडला त्या दिवशी वीस-बावीस बाया जमल्या, तालुक्याचे साहेब आलते. अन् आत काय? काळा चिखल, पांढरी बुरशी, नाक धरावं असा वास. गटातल्या सुखीबाईच्या म्हशीनं हुंगलं अन् मान फिरवली. शेजारचा लालसिंग मोठ्यानं म्हणला, पोरीनं म्हशीले लोणचं घातलं अन् तेही नासवलं. झालं, सारे हसले. तू बुरशी हातात घेऊन म्हणली, कुठून तरी हवा शिरली, माझ्याच हातून चुकलं असेल. अन् मी, तुझा सख्खा बाप, काय म्हणलो? मी तर पहिलेच सांगत होतो! आठ दिवसांत तू पेटी भरून लोहाऱ्याले गेली.

आता एक गंमत ऐक. तुझी हिरवी वही तू फळीवर टाकून गेलती, ती मी काढली. डिसेंबरात विहिरीपाशी अर्धा एकर मका पेरला. लोकाईले सांगतलं, कणसं विकतो. चौथी पास माणूस मी, एकेक पान चार-चारदा वाचलं. एका पानावर तू उंच गोल मनोरा काढला, खाली सायलो लिहिलं, अन् बाजूले लिहिलं की आपला खड्डा म्हणजे हाच मनोरा, फक्त जमिनीत पुरलेला. काम दोघांचं एकच, हवा आत जाऊ द्यायची नाही. हवा सरली की चाऱ्यातली साखर आंबते, अन् तो आंबटपणाच मंग चाऱ्याले राखतो, सडू देत नाही. हे डोक्यात शिरायले मले पंधरा दिवस लागले बाप्पा! मार्चात दाण्यातलं दूध घट्ट होऊन चीक झाला तसा दुसरा खड्डा खणला अन् मका कापला. एक थर टाकला की तुडव, दुसरा टाकला की तुडव. तुझी माय म्हणे, म्हातारपणी नाचता काय? मंग तीही पदर खोचून उतरली. बंद केल्यावर पंचेचाळीस दिवस मी खड्ड्याच्या जवळ फिरकलो नाही. माझ्यासाठी ते सोपं नव्हतं.

काल उघडला. काय सांगू पोरी, वास असा की आंबलेल्या गुळाचा. रंग हिरवट-पिवळा, बुरशीचा ठिपका नाही. बाहेर बांधावर काडी उरली नाही, नुसता फुफाटा, अन् आपल्या म्हशीनं घमेलं चाटूनपुसून साफ केलं. सुखीबाई पदरात भरून घेऊन गेली अन् अर्ध्या घंट्यात परत आली. आता अकरा बायाईले पावसाळ्याचा मका पेरून आपापला खड्डा करायचा आहे. लालसिंगही आला. मूठभर घेतलं, हुंगलं, अन् मले विचारते, मक्याचं बियाणं कोणतं होतं? सारे म्हणतात, पुंडलिकराव, तुम्ही शिकवा. ते ऐकून मले लाज वाटली. घरात येऊन तुझ्या मायले सारं खरं सांगतलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, म्हशीशी बोलते. सांग गं तुझ्या मालकाले, चहा ठेवला म्हणते.

तर खरं हे आहे. तुझा पहिला खड्डा मी नासवला. तीस वर्षं मी घरात कापसाची गंजी लावली. गंजीत कोपरापर्यंत हात घालून पाह्यचं, गरम लागली की समजायचं कापूस तापला, सरकी जाईल, लगेच मोकळा करून हवा द्यायची. हाताले तीच सवय. खड्डा भरून चारच दिवस झालते, तू गटाच्या कामानं दारव्ह्याले गेलती. सहज कडेनं ताडपत्रीखाली हात घातला तर आत गरम! पोरीचा चारा जळून राह्यला, म्हणलं. माती सारली, ताडपत्री काढली, तासभर हवा दिली अन् जशीच्या तशी झाकली. मंग तू दारव्ह्याले गेली की दर खेपेले हेच, आठ-दहा वेळा तरी. देवाशपथ, तुझं भलंच करून राह्यलो असं वाटे. आंबताना चारा जरा तापतोच, हे मंग तुझ्या वहीत वाचलं. उघडला त्या दिवशी तू हवा शिरली म्हणली अन् मले समजलं. बोलणारच होतो, पण साहेब, बाया, लालसिंग, सारे पाहून राह्यले होते, अन् तोंडातून भलतंच निघालं. चौघांत तुझी मान खाली गेली, म्हणून मी चौघांतच सांगणार आहे. पुढच्या सोमवारी बायाईची बैठक आपल्या अंगणात आहे, लालसिंगलेही मुद्दाम बोलावलं. पण त्याच्या आधी तुले कळलं पाहिजे, म्हणून हे पत्र. नाशिकले जायचं तर खुशाल जा, मी स्वतः स्टँडवर सोडायले येईन. फक्त आपल्याले काही येत नाही म्हणून जाऊ नको. तुले येत होतं, पोरी. तुझा खड्डा बरोबर होता.

तुझाच, उत्तराची वाट पाहणारा
बाबा