बकुळीखाली की पाण्यात

प्रिय आई,

"मला मात्र नदीतच सोड गं, नंदे." घाटाच्या पायरीवर बसून तू म्हणाली होतीस, कितीतरी वर्षांपूर्वी. "मग लोकांची फुलं का अडवतेस?" मी विचारलं, तर फणकारलीस, "फुलं कुजत्यात. मी काय कचरा हाय व्हय?"

उद्या तुझा दहावा. तुझ्या रक्षेचं मडकं बकुळीला टांगलंय आणि मी त्याच्याखाली बसून हे लिहितेय. उद्या तुला कुठे ठेवायचं, ते मला कुणाला विचारता येईल? तुलाच ना!

पहाटे अर्धवट झोपेत तू दिसलीस. धुक्यात, गुडघाभर पाण्यात, हातात आकड्याची काठी. निर्माल्याच्या फुगलेल्या पिशव्या ओढत होतीस आणि प्रत्येक पिशवीतून एक पेटता दिवा निघत होता. मी हाका मारल्या. वळलीसुद्धा नाहीस!

पिशवी घेऊन येणाऱ्या एका काकांना कशी अडवायचीस! "आवं काका, द्येवाचं फूल, त्येला प्लास्टिक कशाला?" ते चिडायचे, "नदी काय तुमच्या बापाची हाय?" "न्हाई वो, आईची हाय. म्हून तर सांगतीया." मग निमूट तुझ्या टोपलीत फुलं ओतायचे.

ही जागा तेव्हा उकिरडा होती. नाकाला पदर लावून माणसं पळायची. गल्लीतल्या बायका जमवून तू ती उपसलीस, निर्माल्याचा खड्डा केलास. त्याच खतावर ही बकुळ वाढली. आता संध्याकाळी बाकावर जागा मिळत नाही.

शेजारच्या सुमनकाकू काल म्हणाल्या, "वैनींना हितंच ठिवा. जन्मभर नदीत काय टाकू दिलं न्हाई, आन आता त्यांनाच टाकायचं?" सगळ्या गल्लीला तेच वाटतं. दादा म्हणतो, आईचा शब्द मोडायचा नाही. आणि मला? मला तू हात लागेल एवढ्या जवळ हवी आहेस.

पण खरं सांग, सगळ्यांना शिस्त लावून स्वतःपुरती सूट घेतलीस, हे बरं का?

दर रविवारी साताऱ्याहून येईन, खड्ड्यातलं खत वरखाली करीन. तुझ्या काठीचा आकडा गंजू देणार नाही. आणि नदीच हवी असेल, तर ओंजळीनं सोडीन. मडकं परत आणीन. शब्द देते.

उद्या पिंडासमोर मात्र आधी बकुळीचंच नाव घेईन. कावळा लगेच शिवू दे गं. माहीत आहे, तो कठड्यावर बसून ऊन चढेपर्यंत नदीकडेच बघत राहील. तरी विचारते, आई, राहतेस का इथे?

तुझी,
नंदा