आतली संख्या शून्य

सोमवार, ३

आज झालेलं, क्रमाने:
१. लसींच्या गोदामात रुजू झाले. काम: दारांवरच्या कार्डयंत्रांना फसवून बघणं.
२. माझ्याच कार्डाची नक्कल कोऱ्या पांढऱ्या कार्डावर उतरवली. अकरा सेकंद लागले. पाचही दारं उघडली.
३. साहेब खूश. वरच्यांना दाखवायला नक्कल घेऊन गेले.

खिडकीजवळचं टेबल मिळालं. थोरल्या बहिणीला फोनवर सांगितलं, तर म्हणते, म्हणजे तुला आता चोरी करायचा पगार मिळणार. आईला ते आवडलं नाही म्हणे.

बुधवार, ५

नक्कल परत आलेली नाही. चूक माझी. चाचणीला वेगळा नंबर घ्यायला हवा होता. घाईत स्वतःचाच वापरला. इथली दारं माणसं मोजतात. आत गेलेलं कार्ड फक्त बाहेर येऊ शकतं, बाहेर गेलेलं फक्त आत. शीतखोलीची मोजणी शून्यावर आली की दिवा जातो, पंख्यांचा वेग वाढतो.

माझा नंबर रद्द करा म्हटलं. साहेब म्हणाले, मग कार्ड हरवलं असं वर लिहून द्यावं लागेल. आल्या आल्या कशाला बोभाटा.

शुक्रवार, ७

नोंदीप्रमाणे मी सव्वाअकराला बाहेर पडले. मी टेबलाशी होते. पहाऱ्यावरचे मामा म्हणाले, तुम्हीच होतात की मॅडम, चांगलं हसून गेलात; एरवी कुठं हसता.

साहेबांनी नोंद पाहिली. म्हणाले, यंत्र कशाला खोटं बोलेल.

यंत्र खोटं बोलतं हे दाखवायलाच त्यांनी मला ठेवलं आहे.

सोमवार, १०

चहाच्या खोलीत एकजण म्हणाली, शनिवारी किती छान गप्पा मारल्यास गं. शनिवारी मी घरी होते. तिला तसं सांगितलं, तर तिचा चेहरा पडला.

त्यांना ती जास्त आवडते.

मंगळवार, ११. दुपार

शीतखोलीतलं यंत्र तपासायला आत आले. बारा वाजून चार मिनिटांनी दिवा गेला. कुणीतरी माझ्या नंबरवर गोदामाबाहेर पडलं. म्हणजे नोंदीप्रमाणे मी इथेही नाही.

कार्ड लावलं. लाल. पुन्हा लाल. आतून उघडायचा दांडा होता. हे यंत्र बसवताना काढून टाकला. फोनला रेंज नाही. त्याचा नुसता उजेड.

साडेबारा. मामा आले. मी दार बडवत होते — पंख्यांचा आवाज — काचेवर बर्फ. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग दारावरचा आतल्या माणसांचा आकडा वाचला: शून्य. उघडायचं कार्ड त्यांच्या गळ्यातच होतं. मागे वळून कुणाला तरी मान हलवली, कुणी नाही अशी. कुणाला — केस माझ्यासारखेच —

गेले. दोघंही.

बोटं वळत नाहीत.

साहेब, मी आत आहे. आकडा चुकीचा आहे. दार उघडावं, नाहीतर न उघडण्याचं कारण लेखी कळवावं. उत्तर शुक्रवार, १४ तारखेपर्यंत मिळावं. त्यानंतर मी —