एजंटशिवाय मागवलेली गाडी

३ जून
निर्णय झाला. परदेशातून गाडी मागवायची. वापरलेली, पण उत्तम. एजंट नाही. सगळं मी स्वतः करणार.

कारण लिहून ठेवतो. हिला एका मोठ्या कॅफेची ऑर्डर मिळाली आहे. एक सप्टेंबरपासून रोज सकाळी केक पोचवायचे. आमच्या गाडीच्या डिकीत केकचा खोका उभा राहत नाही, आणि टॅक्सीने नेलेला केक उतरेपर्यंत एका अंगाला बसलेला असतो. कॅफेवाल्याने आधीच बजावलंय, खाडा झाला तर दुसऱ्या बाई तयार आहेत. गेली चार वर्षं ही अशा एका ऑर्डरची वाट बघते आहे.

मी शब्द दिला, ऑगस्ट संपायच्या आत मोठी गाडी दारात. ही म्हणाली, बघा हं. म्हणालो, त्यात बघायचं काय.

५ जून
जुनी गाडी विकली. ही म्हणत होती, अहो, आधी नवी येऊ तर द्या. तिला समजावलं, जागा रिकामी असली की माणूस कामाला लागतो.

६ जून
ऑफिसला टॅक्सीने.

१२ जून
हवी ती गाडी सापडली. विकणारा सज्जन आहे, प्रत्येक वाक्यात मला सर म्हणतो. एकेचाळीस फोटो पाठवले. टायरची तारीख, सीटची शिवण, दाराच्या बिजागऱ्या, सगळं भिंगाखाली तपासलं. दोष नाही.

हिने खांद्यावरून डोकावून विचारलं, स्टिअरिंग डावीकडे कसं? प्रश्न बाळबोध, पण उत्तर दिलं. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढला की आरशासारखा उलटा येतो. मुलगी म्हणाली, पण बाबा, मीटरवरचे आकडे तर सरळ दिसतायत. तिला सांगितलं, हल्लीचं सॉफ्टवेअर अक्षरं आणि आकडे आपोआप सरळ करतं. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. पटलं असावं.

१४ जून
पैसे पाठवले. मेहुण्याचा फोन. भावोजी, एजंट घ्या हो, माझ्या ओळखीचा आहे. म्हणालो, एजंट म्हणजे आपल्याला जे येत नाही त्याचे पैसे. मला काय येत नाही ते सांग. तो म्हणाला, पोहणं. विषयांतराची सवय आहे त्याला.

२ जुलै
गाडीबद्दल काही अडलं की मला विचारायचं, असा ऑफिसात प्रघात आहे. (मीच पाडला.) आज हिशेबनीसाने विचारलं, बाहेरून मागवलेली गाडी स्वस्त पडते का? त्याला जेवणाच्या सुट्टीत नीट समजावलं. कर नुसत्या गाडीच्या किमतीवर नसतो. जहाजाचं भाडं आणि विमा किमतीत मिळवायचा, त्यावर जकात, मग जकातीसकट सगळ्यावर पुन्हा कर. तो म्हणाला, म्हणजे महाग पडते. म्हणालो, महाग नाही, सखोल पडते. त्याने डबा बंद केला.

२० जुलै
गाडी जहाजावर चढली. देखभालीचं वेळापत्रक तयार केलं. ऑइल, कूलंट, ब्रेकचे पॅड, वायपरची रबरं. प्रत्येकाला वेगळा रंग. स्वयंपाकघरात लावलं. हिने त्याच्या शेजारी ओव्हनच्या वेळा लावल्या.

ही मोटार ट्रेनिंग स्कूलला जाते आहे. क्लच सोडायची त्यांची पद्धत अशास्त्रीय आहे. तसं सांगितलं. ही म्हणाली, मग तुम्ही शिकवा. म्हणालो, गाडी येऊ दे.

११ ऑगस्ट
गाडी बंदरात आली. रजा टाकून गेलो. लांबूनच ओळखली. रंग, टायर, बिजागऱ्या, सगळं मी तपासल्याप्रमाणे तंतोतंत.

उजवं दार उघडून रुबाबात बसलो. समोर कागदपत्रांचा कप्पा. स्टिअरिंग पलीकडे.

कस्टमचे साहेब खिडकीशी वाकले. म्हणाले, चालवणारा मागाहून येतोय का?

थोडा वेळ बसून राहिलो. सीट आरामशीर आहे.

साहेबांनी नियम सांगितला. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीची इथे नोंदणी होत नाही. परत पाठवा, नाहीतर भंगारात जाईल. विचारलं, स्टिअरिंग उजवीकडे बसवून घेतलं तर? म्हणाले, मग ती कागदपत्रांत लिहिलेली गाडी राहत नाही. तुम्हाला हा नियम कुणी सांगितला नव्हता का?

नियम मला माहीत होता. गेल्या वर्षी ऑफिसात दोघांना मीच समजावला होता.

घरी फोनवर सांगितलं, तांत्रिक अडचण आहे.

१२ ऑगस्ट
ही क्रीम फेटत होती. विचारलं, कुठल्या बाजूला आहे हो? म्हणालो, काय कुठल्या बाजूला? फेटायचा वेग वाढला.

१३ ऑगस्ट
मुलीने न मागता चहा आणून दिला. हे जास्त लागलं.

१९ ऑगस्ट
विकणाऱ्याचं उत्तर आलं. सर, मी एकेचाळीस फोटो पाठवले होते, सर.

गाडी परत पाठवायची. जहाजाचं भाडं आपलं. शेवटी मेहुण्याचा एजंट घेतला. एका दुपारीत सगळं उरकलं त्याने. घाईची माणसं मला आवडत नाहीत.

२५ ऑगस्ट
ही ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पास झाली. क्लचबद्दल परीक्षकाने काही म्हटलं नाही म्हणे. परीक्षकही त्याच वळणाचा असणार.

२७ ऑगस्ट
मेहुण्याने एका फुलवाल्याची जुनी व्हॅन शोधली. मी पाहणी केली. सायलेन्सर गंजलेला, मागचं दार सैल, एका आरशाला तडा. हिला एकेक दोष दाखवला. हिने फुलवाल्याला दोनच प्रश्न विचारले. सुरू होते का? आणि स्टिअरिंग उजवीकडेच आहे ना? मेहुणा खोकत बाजूला गेला. पुष्कळ वेळ खोकला.

व्हॅन हिने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घेतली. मी काही देऊ केलं नाही. देण्यासारखं परतीच्या जहाजात अडकलं आहे.

३१ ऑगस्ट
शब्द पाळला गेला. ऑगस्ट संपायच्या आत मोठी गाडी दारात आहे. कुणी आणली हा तपशील.

१ सप्टेंबर
पहिली खेप. पुढच्या सीटवर मुलगी, रस्ता सांगायला. मागे सीट नाहीच. तीन थरांचा केक कुणीतरी धरून बसायला हवा होता. ही म्हणाली, अहो, तुम्ही बसा मागे, तुमचा हात स्थिर आहे. ते खरं आहे. पालथ्या क्रेटवर बसलो, खोका मांडीवर घेतला.

एका वळणावर सांगणार होतो, दुसऱ्या गिअरवर घे. तोवर तिने घेतला होता. व्हॅनमध्ये अजून झेंडूचा वास येतो.

स्पीडब्रेकर आला. श्वास रोखून खोका वर उचलून धरला. एका फुलालाही धक्का लागला नाही. क्रीमच्या.

मागे न वळता हिने विचारलं, ठीक आहे ना मागे?

केकबद्दल विचारत असणार. म्हणालो, ठीक आहे.