आवळीखालची चूल

कोइमतूर, कार्तिक शुद्ध त्रयोदशी

तीर्थरूप अप्पांच्या पायी व्यंकोबाचे दंडवत. आम्ही दोघे खुशाल आहोत.

काल सुंदरीला रानात आवळीखाली जेवायला नेले. आमचे तान्हे गेल्यापासून अबोल झालेली ती आवळे वेचताना चक्क हसली! चूल पेटवली तोच राखणदार धावत आला. रान सरकारजमा झाले म्हणे, आत यायचे नाही. मी भांडायला उठलो, तर त्याने हुकूमच पुढे धरला.

अप्पा, अक्षर माझे होते! कचेरीत मीच त्या हुकमाच्या नकला केल्या. रानाचे नाव लिहिले, पण आवळी आठवली नाही.

आमच्या साहेबाची मडम मात्र तब्येतीसाठी तिथेच रोज फिरते.

कुंभकोणात आईची कावेरीकाठची आवळी आहे ना? सुंदरीला तिकडे पाठवतो. तो हुकूम कोणी लिहिला, हे तिला सांगू नका.

तुमचा व्यंकोबा