शकूच्या पाळण्यातली शेवटची ओळ

श्रावण शु. ५, देवास

नातीच्या बारशाला सगळ्यांच्या आधी आली ती आबामास्तरांची बायको. घुगऱ्या चुलीवर, पाळण्याला फुलं बांधायची राहिलेली, आणि ही दारात उभी. माझी लेक मथी, बाळाची सख्खी आत्या, तिची उज्जैनची मोटार यायची होती अजून. मास्तरीणबाईंना बोलावणं होतं हो, पण दुपारचं. येऊन पाळण्यापाशीच बैठक मारली.

नाव शकुंतला. मथीनं कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, एक तर जरा जोरातच. मग पाळणा म्हणायची वेळ आली तर सूनबाई हळूच म्हणते, यांनी नवा केलाय. सदूनं लेकीसाठी पाळणा रचला आणि आईला पत्ता नाही. बोलेल तो सदू कसला. बाहेर ओसरीवर पेटी घेऊन बसला, नणंद-भावजयीनं आत म्हटला. पाळण्यात लेकराचं नाव शेवटच्या ओळीत येतं, तसं आलंय. मला आवडलं म्हणून लिहून ठेवते, अक्षर वाकडं तर वाकडं :

टेकडीवरचा दिवा म्हणे, वाऱ्या हळू चाल,
शकूबाई निजली माझी, लाल तिचे गाल.

गाल खरंच लाल आहेत. मास्तरीणबाईंनी तीनदा म्हणायला लावला. मला केवढं बरं वाटलं. घुगऱ्या जास्तीच्या बांधून दिल्या तिला.

श्रावण वद्य ३

शकू आज हसली. सूनबाई म्हणते झोपेत हसतात तसं. मी म्हणते माझ्याकडे बघून हसली.

गणपतीच्या मेळ्याची तालीम सुरू. सदू कचेरीतून येतो, चहा पितो की निघाला आ.मां.कडे. (आबामास्तर. सारखं पूर्ण लिहून हात दुखतो.) त्यांचा मेळा म्हणजे इंदूर-उज्जैनपर्यंत नाव. संस्थान होतं तेव्हा थोरल्या-धाकट्या दोन्ही पात्यांच्या राजांपुढे गायलेत. पुढे पोरं-पोरी गातात, मधे आ.मा. फेटा बांधून, आणि सगळ्यांच्या मागे पायपेटीवर माझा सदू. दिसतो कुणाला. मंडपात माझ्यासारखी मान वर करून बसावं तर त्याची वाकलेली टाळू तेवढी दिसते.

हे गेले तेव्हा सदू लहान. आ.मां.नी घरी बोलावून पेटी शिकवली, काही घेतलं नाही. ते मी विसरत नाही. तेही विसरू देत नाहीत.

भाद्रपद शु. ७, धार, दादाच्या घरी

मेळा धारला आला म्हणून मीही आले, माहेरी दोन दिवस. मोटारीत फार धक्के. दादाची कंबर धरलीय, वहिनी आहे तशीच, साखर कमी घालते.

काय झालं ते लिहिते. मंडप भरलेला. आ.मा. पुढे येऊन म्हणाले, आता यंदाचं नवं पद, बालगणेशाचा पाळणा. पेटीचे पहिलेच सूर ऐकले आणि मी शेजारणीचा हात धरला. म्हटलं बाई, हा आमच्या शकूचा पाळणा. ती कुणी धारचीच, हसली. शेवटची ओळ आली :

आबा म्हणे गणू निजला, लाल त्याचे गाल.

शेजारीण म्हणते, "बघा आजी, नावच आहे ना ओळीत. आबामास्तरांचाच तो."

पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा झालं. लोकांनी आ.मां.ना हार घातले. सदूची टाळू खाली. शेजारणीचा हात कधी सोडला आठवत नाही. प्रसादाचा पेढा तसाच पदराला बांधून आणलाय.

भाद्रपद शु. ९, देवास

सदूला विचारलं. वाटलं होतं म्हणेल चोरला. तर तो म्हणतो, ओळ मीच बदलून दिली. मास्तरांनी मागितला, दिला.

"मेळ्याची रीत आहे माई. पद कुणीही करो, शेवटी नाव गुरूचं."

म्हटलं, म्हणजे आजवरची सगळी? ते भवानीचं? ते पुराच्या वर्षीचं, ज्याच्यावर बाया रडल्या ते? मान हलवली. सगळी. मी इतकी वर्षं आ.मां.ची पदं म्हणून तीच गुणगुणत धुणं धुतलं. पोटच्या पोराची.

ती दिली तर दिली. ती गुरूला दिली. हा लेकीचा होता रे. बारशाचा. लेकराला घातलेलं आंगडं उतरवून कुणी देवाला घालतं का?

सदू उठला. पायपेटीचा भाता फाटलाय, त्याला चिकटपट्टी लावत बसला.

शकूला काल नजर लागली होती. मीठमोहऱ्या ओवाळल्या.

आश्विन शु. ६

हळदीकुंकवाला मास्तरीणबाईंकडे. जाणार नव्हते, सूनबाई म्हणाली उगीच वाईट दिसेल. शकूला घेऊन गेले. सगळ्या तिच्याभोवती, गुटगुटीत म्हणून. तिनंही फार नखरे केले, मास्तरीणबाईंच्या नव्या लुगड्यावर शू केली. मी पुसलं. सावकाश पुसलं.

मग मी नुसतं म्हटलं, पाळणा आमच्याकडे ऐकलात ना तुम्ही आधी. तर बाई पान लावता लावता सगळ्यांपुढे म्हणते, "सदू काय हो, मुका. आमच्या ह्यांनी त्याला तोंड दिलं. नाहीतर पेटी घेऊन तुमच्या ओसरीवरच बसला असता."

बाया हसल्या. ओटीचा नारळ मी तिथंच कोनाड्यात ठेवून आले. घरी आल्यावर वाटलं, आणायला हवा होता, चांगला मोठा होता.

कार्तिक शु. ९

शकू पालथी पडते. पडली की उताणं होता येत नाही, मग ओरडते. शहाणी.

आज रेडिओवाले आले. दोघं, इंदूरहून, एक चष्म्याचा, एक तपकीर ओढणारा. मेळ्याची पदं यंत्रात भरून घेणार आहेत. आ.मां.च्या घरी रंग लावताहेत म्हणून पाहुण्यांना आमच्याकडे बसवलं. चहा-चिवडा आमचा, गप्पा त्यांच्या. राजे काय म्हणाले, महाराणीसाहेब कशा रडल्या. सदू दाराला टेकून, ट्रे धरून उभा. पाहुणाही नाही, घरधनीही नाही.

आत शकू कुरकुरायला लागली. मी झोका देत पाळणा म्हटला, मुद्दाम नाही हो, रोजच म्हणते. चष्म्याचा एकदम उठून दारात आला. "अम्मां, ये आखिरी लाइन तो दूसरी है. शकूबाई कौन?"

मी पाळण्याकडे बोट केलं.

आ.मा. बाहेरून हसले. "अरे भिया, नानी-दादी लोग बदल लेती हैं. गाना फैल जाता है तो ऐसाच होता है."

मी बदलला म्हणे. मी. मी सदूकडे पाहिलं. चष्म्याच्यानंही सदूकडेच पाहिलं, अगदी सरळ विचारलं, "मास्टर साब का है ना?" सदू ट्रेमधल्या कपबशा सारख्या करत राहिला, वाजल्या त्या तेवढ्या. तपकीरवाला शिंकला आणि विषय गेला.

जाताना चष्म्याचा म्हणाला, बुधवारी यंत्र घेऊन येतो, इथंच, आवाज चांगला बसतो इथं. शेवटची ओळ कुठली ती पक्की करून ठेवा, एकदा भरली की फिरत नाही. आणि हा पाळणा ज्याचा त्यानंच म्हणावा, म्हणजे बरं. आ.मां.नी मान डोलावली, घसा खाकरला.

कार्तिक शु. १०

आ.मा. सकाळीच येऊन गेले. सदूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, भाता नीट केलास ना. एवढंच.

गुरू आहे, ते खरं. लेक आहे, तेही खरं.

संध्याकाळी सदूनं आपण होऊन शकूला मांडीवर घेतलं. पाळणा म्हणायला लागला. त्याचा आवाज मी तो मोठा झाल्यावर ऐकलाच नव्हता. बारीक आहे, पण सुरात. सूनबाई पोळी लाटता लाटता थांबली. टेकडीवरचा दिवा म्हणे, वाऱ्या हळू चाल, इथपर्यंत आला. मग नुसता सूर. शेवटची ओळ म्हणेचना, ना शकूची ना गणूची. शकू टक लावून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, झोपलीच नाही.

बुधवारी येतो म्हणालेत.