फर्स्ट शिफ्ट

मंगळवार, संध्याकाळ

नोकरी सुटल्यापासून घरात बसवत नाही. अर्ज पाठवून झाले की रंकाळ्याला फेऱ्या मारतो. तिथं एक माणूस रोज दिसतो, हातात जेवणाचा डबा घेऊन भराभर चालणारा. आज ऊन चढलं तरी होताच. शेवटी विचारलं, "कामावर न्हाय गेला?"

"जायाचं हाय की. फर्स्ट शिफ्ट. पावणं, तुमची?"

फर्स्ट तर केव्हाच सुरू झालेली. त्यालाही ते माहीत असणार. तरी मी म्हणालो, "माझी सेकंड."

तो कट्ट्यावर बसला. डबा उघडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

"खावा. भरलेला डबा घरी न्हेता येत न्हाय."

तो डबा डोळ्यांपुढून हलत नाही. उद्यापासून उलट्या बाजूनं चालावं काय? पण मग तो समोरूनच येणार.