थ्रॉटलची जुनी केबल

मनामा,
७ डिसेंबर १९९७

प्रिय शैलेंद्र,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचताच फाडणार नाहीस, एवढं गृहीत धरतो. पावणेतीन वर्षांत आपण एकमेकांशी धड चार वाक्यं बोललेलो नाही. वर्कशॉपमधली कामंसुद्धा तू फोरमनकडून सांगून पाठवतोस, मी दहा पावलांवर उभा असलो तरी. म्हणून हे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर, तुझ्या एकट्याच्या हाती पडेल असं पाठवतोय. घरी फोन केला असता तर शुभदावहिनींनी उचलला असता, आणि यातलं एक अक्षरही त्यांच्या कानावर जाता कामा नये.

गुरुवारी सलमाबादला सिराजच्या गॅरेजवर गेलो होतो. माझ्या गाडीचा पंखा बदलायचा होता, दुसरं काही नाही. तिथे कोपऱ्यात, ताडपत्री अर्धी ओढलेली, आपली क्वाड उभी. मागच्या डाव्या बाजूची नळी अजून वाकडीच आहे, तू पडलास तेव्हा वाकली होती तशी. हँडलला कामांची यादी अडकवलेली, तुझ्या सुंदर इंजिनिअरी अक्षरातली. पहिलंच काम, "थ्रॉटल केबल – नवीन", खाली दोन रेघा. सिराज म्हणाला, "भाई, साब बोला, बाकी करो ना करो, पहले केबल बदलो. पुराने मेकॅनिक ने गडबड किया था." तो पुराना मेकॅनिक कोण हे त्याला चांगलं ठाऊक होतं. बोलून गेला आणि मग घाईघाईने चहा मागवला.

चहा येईपर्यंत मी यादी बघत राहिलो. ९४ सालची यादी आठवते तुला? ती माझ्या अक्षरात होती. झल्लाकच्या किनाऱ्यावर पर्यटकांना भाड्याने द्यायच्या त्या चार जाड चाकांच्या मोटारसायकली, त्यातली सगळ्यात म्हातारी, ही क्वाड, त्या भाड्याने देणाऱ्या हमीदने आपल्याला जवळजवळ भंगाराच्या भावात दिली. समुद्राच्या खाऱ्या हवेने सगळे नट गंजलेले, चाकांच्या बेअरिंगमध्ये वाळू, इंजिन चालू केलं की निळा धूर. सखीरच्या माळावर एक क्लब टायर मांडून मातीचा ट्रॅक आखायचा आणि नवशिक्यांची वेगळी शर्यत घ्यायचा. तुला त्यात उतरायचं होतं. चाळिशी आली, आयुष्यात फायली सोडून काही केलं नाही, असं म्हणालास. आणि कमीत कमी खर्चात, कारण वहिनींना खरा खर्च सांगायचं धाडस नव्हतं. मी हसलो होतो, पण मलाही ती क्वाड बघून हात शिवशिवले हे खरं.

ते पाच महिने माझे इथले सगळ्यात चांगले दिवस होते. हे लिहिताना राग येतो, पण खोटं कशाला लिहू? दर शुक्रवारी सकाळी बुदैयाला तुझ्या बंगल्याच्या शेडमध्ये यायचो. शुक्रवारी अरे-तुरे आणि शनिवारी पुन्हा साहेब, हा नियम तूच केला होतास. दिवे, मागचं कॅरियर, मडगार्ड, जे जे शर्यतीत नको ते उतरवलं. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह जमवले, कार्ब्युरेटर तीनदा उघडला. भाड्याच्या गाडीचा वेग फार वाढू नये म्हणून थ्रॉटलच्या, म्हणजे अंगठ्याने दाबून वेग द्यायच्या लिव्हरपाशी एक स्क्रू असतो, तो मागे घेतला तेव्हा तू लहान मुलासारखा खूश झालास. दुसऱ्याच्या चाकात पाय अडकू नये म्हणून पाण्याच्या पाइपातून बाजूच्या नळ्या वेल्ड केल्या. एअर फिल्टरमध्ये वाळू जाऊ नये म्हणून वहिनींनी आपली नायलॉनची ओढणी कापून दिली आणि म्हणाल्या, "भावजी, आता माझाही एक स्पेअर पार्ट आहे हं यात." त्यांनी मला पहिल्या दिवसापासून भावजी म्हटलं, शनिवारीसुद्धा.

यादीत सतरावं काम थ्रॉटलची नवीन केबल हे होतं. तू ते खोडलंस. जुनी चालतेय ना, मग कशाला, म्हणालास, आणि वाचलेल्या पैशांत नंबराच्या पाटीवर तुझं नाव रंगवून घेतलंस. मी वाद घातला नाही, कारण तुझं बरोबर होतं. केबल खरंच चांगली होती. रॉकेलने धुतली, दोन दिवस उभी टांगून वरून थेंब थेंब तेल सोडलं, तार आतून लोण्यासारखी सरकायला लागली. मी ती शंभरदा दाबून सोडून पाहिली होती.

मधेच दसरा आला. त्या वर्षी शुक्रवारीच आला होता. वहिनींनी शेडमध्ये पाट मांडून क्वाडला हार घातला, पान्यांना हळदकुंकू लावलं. मी माझी पेटी उचलून बाजूला ठेवली. भांडून नाही, हळूच. माझे पाने मी पुसतो, जपतो, पूजत नाही. आमच्या घरात बाबासाहेबांनंतर ते बंद झालं. आणि त्या दिवशी मला अकरा वाजता वंदनेला जायचं होतं, कारण दसरा आमचाही दिवस असतो, वेगळ्या कारणाने. तुझ्याकडे पाहुणे आलेले. त्यांच्यासमोर तू म्हणालास, "आमच्या विनयचे पाने निधर्मी आहेत बरं का." सगळे हसले. मीही हसलो. मग तू म्हणालास, "अरे, लोखंडाला काय कळतंय? तुम्हीच उगाच मनाला लावून घेता." त्या "तुम्ही"मध्ये मी एकटा नव्हतो, हे तुला समजलं नसेल. मला समजलं. वहिनी तेवढ्या आत निघून गेल्या आणि माझ्यासाठी डबा भरून घेऊन आल्या.

आता शर्यतीची सकाळ. तुला त्यातलं काय आठवतं माहीत नाही, कारण तू घाबरून पांढराफटक पडला होतास. इंजिन बंद करायची दोरी मी तुझ्या मनगटाला बांधली आणि दहा वेळा सांगितलं, काहीही झालं, काहीही अडकलं, की हात झटक, दोरी सुटली की इंजिन खलास. तू मान हलवत होतास. तिसऱ्या वळणावर गाडीचा आवाज उतरला नाही तेव्हा मला इकडे कळलं. मी ओरडत होतो, दोरी ओढ, दोरी ओढ. तू दोन्ही हातांनी हँडल धरून सरळ टायरच्या ढिगात गेलास. पडल्यावर दोरी आपोआप सुटली आणि इंजिन बंद झालं, म्हणून ती गाडी तुझ्या छातीवरून न जाता मांडीवर थांबली. ती दोरी सतराशे साठ दुकानं हिंडून मी मिळवली होती. हे मात्र कोणी कधी मोजलं नाही.

हॉस्पिटलच्या पायरीवर वहिनींनी मला गाठलं. तुमच्या निहारचा हात घट्ट धरला होता आणि ओवाळलेल्या कुंकवाचा डाग अजून बोटावर होता. "भावजी, कशानं झालं हो?" मी म्हणालो, "केबल. जुनी होती, अडकली." हे मी म्हणालो, शैलेंद्र. तुला हा शब्द मीच दिला.

आणि तू तो किती वापरलास. पाडव्याला मंडळाच्या कार्यक्रमात कुबड्या टेकत माइकवर जाऊन म्हणालास, मित्रहो, स्वस्तातला मेकॅनिक फार महाग पडतो. सभागृह हसलं. मी तिसऱ्या रांगेत होतो, जागृती शेजारी बसली होती. तिने माझा हात धरला आणि कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही. त्याआधी निम्म्या मराठी मंडळींच्या गाड्या शुक्रवारी माझ्याकडे यायच्या. पाडव्यानंतर महिन्याभरात एकही राहिली नाही. कुणीतरी "केबलवाला" असं नाव पाडलं, पोरंसोरंसुद्धा म्हणायला लागली. सिराजबरोबरच्या गॅरेजचं सगळं ठरलं होतं, जागासुद्धा बघून झाली होती. तो म्हणाला, "भाई, नाम खराब हो गया, अभी गॅरेज मफी, नहीं हो सकता." त्याला दोष देत नाही. लोक मेकॅनिककडे नाव ऐकूनच येतात. पुढच्या वर्षी संसार गुंडाळून जागृतीला गावी पाठवावं लागलं आणि मी पुन्हा तिघांच्या खोलीत राहायला आलो. तुझा पाय लंगडतो, ते मी रोज वर्कशॉपच्या काचेतून बघतो. माझं काय लंगडतं ते तुला दिसायचं कारण नाही.

तर केबल. गुरुवारी सिराज चहा सांगायला बाहेर गेला तेव्हा मी ताडपत्री सारली आणि लिव्हर अंगठ्याने दाबून सोडला. पावणेतीन वर्षं धुळीत उभ्या गाडीचा लिव्हर टक् करून मागे आला. तीच केबल आहे, सतराव्या कामातली, तू खोडलेली. ती तेव्हाही अडकली नव्हती.

त्या दिवशी तुला स्ट्रेचरवर घेऊन गेले आणि मी क्वाडपाशी एकटा राहिलो. लिव्हर पूर्ण दाबलेला, तसाच अडकलेला. त्याच्या सांध्यात पूजेच्या लाल धाग्याचं टोक गाठीसकट आत ओढलं गेलं होतं. पकडीने ओढून काढलं तेव्हा लिव्हर सुटला. शर्यतीआधी वहिनींनी तुला ओवाळलं ते आठव. धागा पुरुषाच्या उजव्या मनगटाला बांधतात. तुझ्या मनगटावर हातमोजा होता, वर माझी दोरी. मग त्यांनी तो गाडीच्या उजव्या हँडलला बांधला. थ्रॉटल उजवीकडेच असतो, हे त्या माउलीला कुठून माहीत असणार?

मला माहीत होतं. हेच मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, जागृतीलाही नाही. मी तो धागा पाहिला होता. माझ्या हातात कटर होता, नंबराच्या पाटीच्या पट्ट्यांची टोकं कापत होतो. धाग्याची शेपटी लिव्हरपासून दोन बोटांवर लोंबत होती. कापायला एक क्षण लागला असता. पण समोर तू होतास, तुझे तेच दसऱ्याचे पाहुणे होते, आणि मला तुझं वाक्य आधीच ऐकू आलं: बघा, याला आमचा धागासुद्धा सहन होत नाही. मी कटर खिशात टाकला. एवढ्याशा धाग्याने काही होत नाही, असा विचार केला. मेकॅनिकने असा विचार करायचा नसतो. म्हणून पायरीवर केबल म्हणालो तेव्हा फक्त वहिनींना वाचवलं असं नाही, स्वतःलाही थोडं वाचवलं. पुढे तू माझं वाटोळं केलंस त्याचा राग मला आजही येतो, पण तुझ्यावरचा आणि माझ्यावरचा राग वेगळा काढता येत नाही.

हे सगळं मी असंच गिळून टाकलं असतं. पुढच्या वर्षी व्हिसा संपतोय, नूतनीकरण करणार नाही, शांतपणे निघून गेलो असतो. पण चहा पिताना सिराज म्हणाला, "साब नहीं चलायेगा, उसका लडका चलायेगा, अगले जुम्मे को." निहार. हॉस्पिटलच्या पायरीवर माझ्याकडे बघून "इट्स ओके, अंकल" म्हणालेला निहार. तू त्याला नवी केबल घालून देशील आणि निश्चिंत होशील, कारण मी तुला तेच शिकवलं. आणि वहिनी ओवाळतील, आणि पोटच्या पोराच्या गाडीला धागा दुपटीने घट्ट बांधतील, उजव्या हँडलला. म्हणून लिहितोय. धागा मागच्या नळीला बांधून घे, हँडलपासून लांब, आणि टोकं कापून टाक, तू स्वतः. दोरी निहारच्या मनगटाला तूच बांध आणि त्याच्याकडून तीनदा हात झटकून घे. पाकिटात तो जुना धागा आहे, ग्रीसने काळा झालेला; बघ आणि फेकून दे, घरी नेऊ नकोस. धागा मागे का, असं वहिनींनी विचारलं तर सांग, क्लबचा नवा नियम आहे. आणि त्या वेळी कशानं झालं होतं असं कधी विचारलंच, तर केबलच म्हण. ती माझ्याच नावावर राहू दे.

तुझाच,
शुक्रवारचा विनय